शुक्रवारी नेट जात नाही

नियाज तुंगेकर गल्फमधून कायमचा पनवेलला परत आला त्याला आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत घरातल्या कुणी त्याच्याकडे काहीही मागितलं नव्हतं. तिकडे होता तेव्हा याद्या यायच्या. ब्लँकेट, अत्तर, दुधाची पावडर, मिक्सर. एकदा तर करंजा बंदरावरच्या साडूने बोटीच्या इंजिनाचा पार्ट मागवला होता आणि नियाजने तो हातातल्या बॅगेत घालून, कस्टमवाल्याला अर्धा तास समजावत, घरी आणला होता. आता आख्खा माणूसच घरात येऊन बसला म्हटल्यावर मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी झिक्रा जिन्यावरून अर्धी खाली येऊन म्हणाली, "अब्बा, नेटचं काहीतरी करा ना," तेव्हा नियाजला नोकरी लागल्यासारखं वाटलं.

"काय होतं?" त्याने विचारलं आणि तो गप्प राहिला.

झिक्राही गप्प राहिली. दोन सेकंद गेले. मग ती बोलू लागली.

ही दोन सेकंदांची पद्धत त्या घरात फोनमुळे आली होती. बावीस वर्षं नियाज दर आठवड्याला फोन करायचा, आणि तिकडचा आवाज इकडे यायला वेळ लागायचा. मध्येच बोललं की दोघांचेही शब्द एकमेकांवर आदळत आणि कुणालाच काही कळत नसे. म्हणून मुबीना, म्हणजे त्याची बायको, आणि तिचं बघून झिक्रा, नियाजचं बोलणं संपलं की मनातल्या मनात एक-दोन मोजून मगच उत्तर द्यायला शिकल्या. आता तो समोरच्या सोफ्यावर बसलेला असायचा, तरी त्या मोजत. त्यात कुणाचं काही चुकत होतं असं नाही. सवय होती.

"वायफाय तुटतं," झिक्रा म्हणाली. "रोज पाचला आमची प्रॅक्टिस असते. पाच-दहा झाले की मी गेले. माझा सैनिक भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत बसतो आणि समोरचे येऊन निवांत गोळ्या घालतात."

झिक्रा एकोणीस वर्षांची होती, कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि लॅपटॉपवर पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा खेळ खेळत असे. एक ओसाड शहर, पिवळी माती, अर्धवट बांधलेल्या इमारती. नियाजने पहिल्यांदा पडद्यावर ते शहर पाहिलं तेव्हा त्याला फार ओळखीचं वाटलं. बावीस वर्षं तो अशाच ठिकाणी राहून आला होता, फक्त बंदूक नव्हती.

मुंबईतल्या एका कॉलेजच्या फेस्टिव्हलची ऑनलाइन स्पर्धा होती. झिक्राच्या टीमची मॅच पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, पाच वाजता. टीमचा कॅप्टन प्रणित कामोठ्याचा, तिच्याच वर्गातला. त्याने साफ सांगितलं होतं की मॅचपर्यंत हे नेट सुधारलं नाही तर झिक्राच्या जागी दिपिकाला घेणार. दिपिकाला नेम धरता येत नाही, पण तिचं नेट जात नाही.

"मग तुमच्याकडे नेमापेक्षा नेटच मोठं," नियाज म्हणाला.

एक, दोन. "अब्बा, नेम धरायला मी तिथे असायला तर पाहिजे."

नियाज उठला आणि त्याने माळ्यावरची टूलबॅग खाली काढली.

तिकडे तो इलेक्ट्रिकल फोरमन होता. समुद्राचं पाणी गोडं करणारा आख्खा प्लांट त्याच्या हाताखालच्या माणसांनी चालवला होता. त्या मानाने हॉलमधल्या शोकेसवर दोन शिंगं वर करून बसलेली ती वायफायची पांढरी डबी म्हणजे अगदीच किरकोळ प्रकरण. तरीही त्याने पद्धत सोडली नाही. त्याने झिक्राला एक जुनी डायरी दिली.

"हे लॉगबुक. नेट गेलं की वेळ लिहायची. आलं की वेळ लिहायची. आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं, ते सगळं लिहायचं. मिक्सर, गीझर, पंखा, टीव्ही. एक लक्षात ठेव. फॉल्ट शोधायचा असतो. फॉल्टला वळसा घालून वायर पुढे नेतो तो टेक्निशियन नव्हे. फॉल्ट तिथेच बसून राहतो आणि एक दिवस सगळ्यांना घेऊन जातो."

झिक्राने हे वाक्य पहिल्या पानावर लिहून घेतलं. आपलं वाक्य कुणी लिहून घेतलं, ही गोष्ट नियाजच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती.

दुसऱ्या दिवशी नेटवाला बाळू आला. बाळू कामोठ्याच्या गावातला. गावात आता शेत नव्हतं, सेक्टर होते, आणि बाळूने तीनशे घरांत नेट दिलं होतं. तो आला की आधी डबी बंद करायचा, मनाशी दहा आकडे मोजायचा आणि पुन्हा चालू करायचा. शंभरातली नव्वद घरं एवढ्यावर बरी होत. उरलेल्या दहांना तो लोड आहे म्हणून सांगे.

"नियाजभाय, नेट हाय," लॅपटॉपकडे बघत तो म्हणाला. "तुमच्या दारापर्यंत बरोबर येतंय. घरात आल्यावर त्याचं काय होतं, ते आमी काय सांगनार?"

"घरात आल्यावर काय होणार? पाहुणा आहे का तो?"

"भिंती बघा ना तुमच्या. नऊ इंची. आनि आतून मार्बल. एवढं कोन बांधतं? तुमी गल्फवाले घर नाय बांधत, किल्ला बांधता. मग आत काय शिरनार?"

घर नियाजने बांधलं होतं, म्हणजे पैसे पाठवून बांधवून घेतलं होतं, आणि भिंती नऊ इंची असाव्यात हे त्याने फोनवरून तीन वेळा बजावलं होतं. त्यामुळे त्याने बाळूसाठी चहा सांगितला. बाळूने डबीचं चॅनेल बदललं, एकाचं सहा केलं, सहाचं अकरा केलं, तो चहा प्यायला आणि गेला. पाच वाजून बारा मिनिटांनी नेट गेलं.

मग प्रयोग सुरू झाले. डबी शोकेसवरून कपाटावर गेली, कपाटावरून जिन्याच्या कठड्यावर गेली, तिथून मुबीनाच्या हाताचा धक्का लागून खाली आली आणि निमूटपणे पुन्हा शोकेसवर बसली. लहरी वरच्या मजल्याकडे वळाव्यात म्हणून नियाजने तिच्यामागे तांब्याचा मोठा थाळ उभा केला, दावतीला चौघं मिळून ज्यात जेवतात तो. मुबीनाने दोन दिवस ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी उरणची माणसं जेवायला आली आणि थाळ आपल्या कामावर परत गेला. मायक्रोवेव्हवर नियाजचा फार संशय होता. त्याने तो उघडला तर आत पापडांचे डबे निघाले.

"हा बंद आहे?"

एक, दोन. "सहा वर्षं," मुबीना म्हणाली. "तुम्ही आणलात त्या दिवशी चालू केला होता."

हे सगळं संध्याकाळी पाचच्या आत आटोपलेलं असे. कारण असरची नमाज पढून आला की पाच वाजता नियाज गच्चीवर जायचा. जाताना हॉलमधला कॉर्डलेस फोन उचलून बरोबर न्यायचा.

हा कॉर्डलेस त्याने २००५ साली तिकडून आणला होता. तीनशे मीटर रेंज. त्या वेळी मोहल्ल्यात असा फोन दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि तुंगेकरांची बाई टपाल नाक्यावर भाजी घेता घेता घरचा फोन घेते अशी एक अफवाही होती. पुढे मोबाइल आले, पण मुबीनाने कॉर्डलेस काढला नाही. रोज पुसायची. त्याचं चार्जिंगचं बूड शोकेसवर, डबीच्या शेजारी, चार बोटांवर होतं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहून, लांब दिसणाऱ्या कर्नाळ्याच्या सुळक्याकडे तोंड करून, नियाज मुंबईला दीनानाथला फोन लावायचा.

दीनानाथ पाटकर गल्फला माणसं पाठवायचा. त्याचं कॅलेंडर पनवेल-उरणकडच्या पुष्कळ घरांत होतं, नियाजच्या स्वयंपाकघरातही होतं. त्यावर रविवार काळ्या शाईत असे आणि शुक्रवार लाल. दीनानाथ स्वतः हिंदू, पण धंदा गल्फचा, म्हणून ऑफिसला सुट्टी शुक्रवारी. रविवारी दिवसभर उघडं. पाच ते सहा शेठ स्वतः फोन घेत.

"नियाजभाई, तुमची जुनीच कंपनी," दीनानाथने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. "प्लांट वाढवतायत. फोरमन पाहिजे. तुमचं नाव त्यांनीच काढलं. मी नाही काढलं. उद्या फोन करा."

उद्या केला की परवा करा. असा महिना गेला. रोज वीस मिनिटं, त्यातली पंधरा नुसतं होल्डवरचं गाणं ऐकण्यात. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? येताना विमानतळावर मुबीनाच्या हातात पासपोर्ट देऊन तो म्हणाला होता, "ठेव कपाटात, आता याचं काम नाही." एवढं बोललेला माणूस आठ महिन्यांत कपाट उघडायला निघाला, हे बरं दिसत नव्हतं. आणि का निघाला हे विचारलं असतं, तर ते सांगणं त्याहून अवघड होतं. घरात त्याला काही कमी नव्हतं. वेळेवर चहा मिळे, ताजी मासळी मिळे, चांगली खुर्ची मिळे. पाहुण्याला असंच मिळतं.

मोबाइलवरून बोलला असता, पण मोबाइलमध्ये नंबर राहतो आणि तो पुसायचा कसा हे त्याला झिक्राला विचारावं लागलं असतं. कॉर्डलेसमध्ये काही राहत नाही. कॉर्डलेस चुगली करत नाही, असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दीनानाथ अचानक कामाचं बोलला. "नियाजभाई, व्हिसा आलाय. रविवारी पाचला फोन करा आणि हो का नाही ते सांगा. नाही म्हणालात तरी राग नाही. पण साडेपाचला मी ते नाव दुसऱ्याला देणार."

"रविवारी पाचलाच?"

"मग काय शुक्रवारी करता? शुक्रवारी बंद."

शुक्रवारी संध्याकाळी तिघं हॉलमध्ये बसली. झिक्राची प्रॅक्टिस नुकतीच संपली होती आणि नेट एकदाही गेलं नव्हतं. तिने लॉगबुक उघडून मांडीवर ठेवलं.

"बारा दिवसांचं झालं," ती म्हणाली. "गंमत बघा. सोमवार, पाच-आठला गेलं. मंगळवार, पाच-बारा. बुधवार, पाच-सात. गुरुवार पाच-पाच. शुक्रवारी नाही. शनिवारी गेलं, रविवारी गेलं. परत सगळा आठवडा गेलं. आज शुक्रवार, आज नाही."

"जुम्म्याची बरकत," मुबीना म्हणाली.

"बाळूदादा म्हणतो शुक्रवारी लोड कमी असतो. मी त्याला म्हटलं, रविवारी सुट्टी असून जातं आणि शुक्रवारी कसा लोड कमी? तर म्हणाला, नेटचं असंच हाय." झिक्राने बाळूचा आवाज बरा काढला. मग तिने पेन्सिल ओठाला लावली. "अब्बा, शुक्रवारी आपल्या घरात काय बंद असतं?"

नियाजने आधी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"मिक्सर?" तो म्हणाला.

एक, दोन. "शुक्रवारी तर बिर्याणीचं वाटण असतं," मुबीना म्हणाली. बोलताना ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. दारातून कॅलेंडरचा अर्धा भाग दिसत होता. लाल आकडे एकाखाली एक.

"टेक्निकल कारण असणार," नियाज म्हणाला. "उद्या बघतो."

आणि त्याने खरोखर बघितलं. शनिवारी सकाळी झिक्रा कॉलेजला आणि मुबीना मासळीला गेल्यावर त्याने वरच्या खोलीतून लॅपटॉप आणून जिन्यात ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या पाच कांड्या उभ्या होत्या. त्याने शोकेसवरचा कॉर्डलेस उचलला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला न लावता हातात धरून उभा राहिला. फोनमधून एकसुरी आवाज येत होता. कांड्या चार झाल्या, दोन झाल्या, आणि मग त्यांच्यावर एक पिवळं चिन्ह येऊन बसलं. त्याने लाल बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात पाचही कांड्या परत. त्याने हे सात वेळा केलं. सातही वेळा तसंच झालं.

फॉल्ट सापडला. फोरमन म्हणून त्याला आतून बरं वाटलं, जवळजवळ तीन सेकंद. दोन बिनतारी यंत्रं एकाच हवेत, चार बोटांवर शेजारी. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला काही ऐकू येत नसणार. चॅनेल कितीही बदला, हा जुना फोन सगळीकडे पसरत असणार. इतकी साधी गोष्ट. आणि ती सांगायची म्हणजे हेही सांगायचं की फोन रोज पाच वाजता बोलतो कोण, आणि कुणाशी.

सोपे उपाय होते, नाही असं नाही. रविवारी बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बोलता आलं असतं. पण सकाळीच जाताना झिक्राने बजावलं होतं, "उद्या मॅचला घरातच राहा हं अब्बा. काही झालं तर तुम्हीच बघायचं." आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या घरात असण्याला काही काम होतं. फोन करायचाच नाही, हाही एक उपाय होता. तो त्याच्या डोक्यात आला आणि त्याने तो बाजूला ठेवला, अवजड वस्तू ठेवतात तसा, मधल्या वाटेत येणार नाही असा.

दुपारी त्याने बाळूला फोन केला.

"बाळू, वायरलेसचं राहू दे. वायर टाकू. हॉलपासून वरच्या खोलीपर्यंत."

"हे आमी पहिल्याच दिवशी बोलनार होतो," बाळू म्हणाला. तो असं काही बोलणार नव्हता. "पन मार्बलमधून वायर न्यायला तुमी देनार नाय, असं वाटलं."

बाळू निळी वायर घेऊन आला. टोकांना पिना त्याने लावल्या. बाकी सगळं नियाजने केलं. जिन्याच्या कडेने पांढरी पट्टी ठोकत, प्रत्येक वळणावर काटकोन साधत, लेव्हलची बाटली लावून. मार्बलला एक ओरखडा नाही. झिक्रा कॉलेजहून आली तेव्हा वायर तिच्या टेबलापर्यंत पोचली होती. तिने ती लॅपटॉपला लावली, काहीतरी तपासलं आणि म्हणाली, "अब्बा, हे भारी आहे."

तिने दोन सेकंद घेतले नाहीत. नियाजच्या ते लक्षात आलं.

"पण फॉल्ट काय होता?" तिने विचारलं.

या वेळी दोन सेकंद नियाजनेच घेतले. "भिंती," तो म्हणाला. "नऊ इंची आहेत ना."

बाळू पिना आवरत होता. "मी बोललो होतो," तो म्हणाला.

रविवारी पाच वाजता झिक्रा कानांवर हेडफोन चढवून टेबलाशी बसली. दार उघडं होतं. "आहे का मागे? कळलं. मी डावीकडून जाते." आवाज अगदी स्थिर होता. नियाज दारात उभा राहिला, निळ्या वायरकडे बघितलं, पट्टी एकदा अंगठ्याने दाबून पाहिली. मग खाली गेला, कॉर्डलेस उचलला आणि गच्चीवर आला. जाताना मुबीना स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

आज गाणं वाजलं नाही. दीनानाथने स्वतः फोन उचलला. मग "एक मिनिट हं" म्हणून दुसऱ्या फोनवर कुणाला तरी मेडिकलची तारीख सांगत बसला. नियाज उभा राहिला. टाकीवर कावळा बसला होता. जिन्याच्या खिडकीतून खालून झिक्राचा आवाज येत होता. "प्रणित, मागे बघ. मागे. घेतला मी त्याला."

आणि मग नियाजने एक विचित्र गोष्ट केली. तो तिच्या आवाजात खंड पडण्याची वाट बघू लागला. फोन चालू आहे. वायरला काही होणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, वायर त्याने स्वतः टाकली होती. तरी तो कान देऊन राहिला. आत्ता ती म्हणेल, अब्बा, गेलं. आत्ता हाक मारेल. हाक आली असती तर त्याने फोन ठेवून दिला असता आणि धावत खाली गेला असता, आणि साडेपाच वाजून गेले असते.

"चला, पहिला राउंड आपला," झिक्रा खाली म्हणाली.

"हां, नियाजभाई," दीनानाथ परत आला. "बोला. हो का नाही?"

"दोन वर्षांचं म्हणालात ना?"

"दोन. पुढे त्यांची मर्जी आणि तुमची तब्येत."

नियाजने पुन्हा एकदा खाली कान दिला. खाली सगळं सुरळीत चाललं होतं. कामात कुठेही उणं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"मग चौदा तारीख धरून चला. पासपोर्ट घेऊन या मंगळवारी."

फोन बंद झाला तरी तो तिथेच उभा राहिला. सुळक्यावरचं ऊन उतरलं. खाली आला तेव्हा सहा वाजत आले होते आणि मॅच संपली होती. झिक्राच्या टेबलावरच्या स्पीकरमधून प्रणितचा आवाज येत होता.

"काका आले का? काका, थँक्यू हं. जिंकलो. दिपिका नाराज आहे, पण तिचं काय ते मी बघतो."

"अरे, साधं काम होतं," नियाज म्हणाला.

झिक्राने प्रणितला बाय केलं आणि स्पीकर बंद केला. ती हसत नव्हती. तिच्यापुढे लॉगबुक उघडं होतं.

"अब्बा, बसा जरा."

तो पलंगाच्या कडेवर बसला.

"पहिल्या राउंडनंतर दहा मिनिटांचा ब्रेक होता," ती म्हणाली. "मी वायर काढून बघितली. तुम्हीच म्हणाला होतात ना, फॉल्ट शोधायचा, त्याला वळसा घालायचा नाही. म्हणून म्हटलं बघू, गेलाय का. नव्हता गेला. वायफाय बंदच होतं. पाच-बावीस."

नियाजने टेबलावरच्या निळ्या वायरकडे पाहिलं.

"मग मी खाली गेले, डबी बघायला. डबी चालू होती. बाजूला कॉर्डलेसचं नुसतं बूड होतं. त्यावर लाल दिवा." तिने डायरीचं पान उलटलं. "मी बारा दिवस यंत्रं लिहीत बसले. मिक्सर, पंखा, टीव्ही. घरातलं एकेक यंत्र. माणसं लिहायची राहिली."

जिन्यात पावलं वाजली. मुबीना वर आली होती. ओले हात ओढणीला पुसत ती दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर नवीन काही कळल्यासारखं दिसत नव्हतं.

"गच्चीचं दार उघडं होतं," झिक्रा म्हणाली. "मी वर नाही आले. परत येऊन वायर लावली. राउंड सुरू होत होता." तिने पेन्सिल उचलली, लॉगबुकात आजच्या तारखेपुढे धरली आणि मान वर न करता विचारलं, "शुक्रवारी बंद असणारं ऑफिस मला माहितीये. लहानपणापासून त्याचं कॅलेंडर बघतेय. किती तारखेला आहे?"

नियाजने तोंड उघडलं. चौदा हा आकडा त्याच्या जिभेवर होता. त्याच्या मागे कुठलं तरी वाक्य यायला हवं होतं, भिंतींबद्दल, किंवा खुर्चीबद्दल, किंवा त्या दोन सेकंदांबद्दल, आणि ते येत नव्हतं. त्याची नजर जिन्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर होती. फार सरळ बसली होती.

झिक्राची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"अब्बा?"

"थांब जरा," दारातून मुबीना म्हणाली. "तिकडून आवाज यायला वेळ लागतो."